मधलं लिहिणारे मास्तर

मास्तर स्वतः लिहिलेलं नाटक बघायचे ते रंगमंचाकडे पाठ करून. बुऱ्हाणपूरच्या शनवाऱ्यातल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत पडदा वर गेला की ते डाव्या बाजूला विंगेच्या तोंडाशी एक स्टूल टाकून बसत, आणि तोंड करत लोकांकडे. आत आम्ही रडतोय, भांडतोय, मी जीव तोडून तान घेतेय, आणि नाटक लिहिणारा माणूस आमच्याकडे ढुंकूनही बघत नाही! पहिल्या वर्षी मला त्याचा फार राग आला. मी विचारलं, तर शांतपणे म्हणाले, "तुम्ही काय करणार ते मला पाठ आहे. लोक काय करतील ते ठाऊक नाही. म्हणून तिकडे बघतो."

लोक काय करायचे? लोक उठायचे. त्याला कारण होतं. आमच्याकडे गणपतीत जे व्हायचं त्याला सगळे ‘गाण्यांचं नाटक’ म्हणत. श्रावण लागला की शनवारा दरवाजाजवळच्या पानाच्या दुकानात बिस्किटांचा एक रिकामा डबा टांगला जाई. ज्याला जे गाणं ऐकायचं असेल त्यानं ते चिठ्ठीवर लिहून त्यात टाकायचं. जुनी नाट्यपदं, अभंग, लावण्या, सिनेमातली गाणी, कव्वाल्या, काहीही चालायचं. चिठ्ठ्या मराठीत असत, हिंदीत असत, उर्दूतही असत. ज्या गाण्यांना मागणी जास्त ती मंडळ निवडणार, आणि ती सगळी एका माळेत बसतील अशी गोष्ट मास्तरांनी रचायची. जाहिरातीच्या कागदावर ठळक छापलेलं असे, ‘गाणी आपल्या पसंतीची’. मास्तरांचं नाव कुठेच नसे. नवीन माणसानं विचारलंच की हे गृहस्थ मंडळात काय करतात, तर उत्तर मिळायचं, "गाण्यांच्या मधलं लिहितात." पुढे गावानं त्यांचं नावच मधलेमास्तर पाडलं. सरकारी हायस्कुलात मराठी शिकवणारा, पोरांना धाकात ठेवणारा माणूस; पण या नावाचा त्यांना कधी राग आला नाही. म्हणायचे, "मधलं कोणीतरी लिहायलाच पाहिजे."

हे काम किती अवघड होतं ते आज मला कळतं. एका वर्षी डब्यातून निघालं एक अंगाईगीत, एक होळीचं गाणं, विठ्ठलाचे दोन अभंग, एक कव्वाली आणि एक फक्कड लावणी. आता करा यांची गोष्ट! मास्तरांनी केली. एका ब्रह्मचारी कीर्तनकाराच्या दारात कोणीतरी तान्हं मूल ठेवून जातं. कीर्तनकार अभंग म्हणतो, शेजारीण अंगाई म्हणते. मुलाची आई शोधायला तो होळीच्या दिवशी बुऱ्हाणपूरला येतो, कव्वालीच्या मैफलीत शिरतो, आणि तिथे त्याला लावणीवाली भेटते. इथवर सगळं ठीक होतं. पण लावणीला इतके वन्समोर मिळाले की लोडाला दुपट्यात गुंडाळून केलेलं ते मूल रंगमंचाच्या कोपऱ्यात पडून राहिलं. कीर्तनकार आणि लावणीवाली हातात हात घालून निघून गेली, पडदा पडला, आणि मूल पडद्याच्या बाहेर, लोकांच्या समोर!

दुसऱ्या दिवशी त्या मुलाची चौकशी करणारा एकच माणूस निघाला. जवळच्या निंबोला गावचे दगडू पाटील. केळीचे बागाईतदार, अंगानं दांडगे, डोक्याला पांढरा रुमाल. गणपतीत ते गाडी जुंपून अख्खी गल्ली घेऊन नाटकाला यायचे आणि पुढची रांग अडवायचे. गाणं संपून बोलणं सुरू झालं की पाटील धोतर झटकून उठत. पाटील उठले की त्यांच्या मागे निंबोल्याची रांग उठे, निंबोल्याची रांग उठली की मागचे उठत, आणि सगळा मांडव चहाच्या गाडीवर. पेटीचा सूर लागला की तितक्याच शिस्तीत सगळे परत. मधल्या वेळात रंगमंचावर आम्ही रिकाम्या सतरंज्यांना आमची दुःखं सांगत असू. ते पाटील त्या दिवशी मास्तरांना म्हणाले, "मास्तर, गाने बेस व्हते. पन ते लेकरू तिथंच ऱ्हायलं ना बाप्पा! कोनी उचललंच नाई त्याले." दुसरा कोणी असता तर लाजला असता. मास्तर आमच्या घरी आले ते खुशीत. माझ्या वडिलांना सांगत सुटले, "म्हणजे मूल ठेवलं तेव्हा पाटील आत होते! उठले नव्हते!"

नाटकाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मतं गोळा करत फिरणं हा त्यांचा नेम होता. शनवाऱ्यातलं चहाचं हॉटेल, मग बाजार, मग राजघाटावर आंघोळीला आलेले लोक. दाद मिळावी म्हणून ते जात नसत. त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता. "कसं वाटलं असं विचारू नये," ते मला म्हणाले होते, "लोक भिडेखातर छान म्हणतात. कधी उठलात, ते विचारावं." मागावर बसणारे एक चाचा दर वर्षी पुढच्या बाजूला बसून डोलत असायचे. त्यांना मास्तरांनी माझ्यासमोरच विचारलं. चाचा म्हणाले, "मास्टरजी, गाने तो माशाअल्लाह! दिल खुश हो गया." "और बीच का?" "बीच में तो हम चाय पीने निकल गये थे." मास्तरांनी मान हलवली आणि विचारलं, "किस बात पर निकले?" चाचा बिचारे आठवायला लागले. शेवटी म्हणाले, "जब वो लडका अपनी माँ को समझा रहा था ना, जो माँ को पहले से मालूम था." त्यावर मास्तर वाटेत मला म्हणाले, "बरोबर आहे. मीसुद्धा उठलो असतो."

मी त्या मंडळातली पहिली बाई. माझ्या आधी बायकांची कामं पुरुषच करत. माझे वडील पेटीवर असत, मी मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि आवाज बरा होता, एवढ्या भांडवलावर मला परवानगी मिळाली. माझं एक हुकमी पद होतं. सासरी निघालेली मुलगी माहेराचा निरोप घेते, असलं. गाव त्याला नुसतं ‘माहेरचं’ म्हणायचं. दर वर्षी डब्यात सगळ्यांत जास्त चिठ्ठ्या त्याच्या निघत, त्यामुळे दर वर्षी मास्तरांना नाटकात एक मुलगी सासरी पाठवावीच लागे. मी पहिला सूर लावला की बायका पदर डोळ्यांना लावत. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

तालमीत मात्र मास्तर मला छळत. मी पदाला तोंड फोडणार, एवढ्यात विचारत, "हे तू का म्हणतेस?"

"चिठ्ठ्या आल्यात म्हणून."

"ते मंडळाला झालं. त्या मुलीला काय कारण? दारात गाडी उभी आहे, सगळे रडताहेत, आणि ही उभी राहून आलाप घेते?"

"मग तुम्हीच सांगा, काय कारण."

"तेच सापडत नाही," म्हणून ते कपाळाला हात लावत, आणि मी चिडून आणखी दोन ताना जास्त घेई.

असं हसतखेळत चाललं होतं, आणि मग ते वर्ष आलं. दिवाळीच्या सुमाराला राज्यांची नवी मांडणी व्हायची होती. नागपूर, अकोला, अमरावती मुंबई राज्यात जाणार आणि आम्ही मध्यप्रदेशातच राहणार, हे ठरलेलं होतं. कालपर्यंत नागपूर आमची राजधानी, आता भोपाळ. मंडळात रोज त्यावरून वाद होत. शाळेतले मराठीचे वर्ग हळूहळू कमी होणार, हे कोणी सांगायला नको होतं. सरकारी नोकरांना विचारलं होतं की इथे राहता की तिकडे जाता. मास्तरांचे थोरले भाऊ अमरावतीला होते. तिथल्या शाळेत जागा होती, राहायला घराचा अर्धा भाग होता. त्यांनी निरोपावर निरोप धाडले आणि शेवटी श्रावणाच्या तोंडाला स्वतःच येऊन उभे राहिले. काळा कोट, ताठ मान, बोलणं वकिली. दोघं आमच्याकडे बसले होते. मी चहा घेऊन गेले तेव्हा ते मास्तरांना विचारत होते, "इथे तुझं आहे काय? मराठी शिकवणारा तू, उद्या हिंदीतून भूगोल शिकवशील. कोणासाठी?"

त्याच आठवड्यात मंडळाचे अध्यक्ष भाऊसाहेबांनीही तोंड उघडलं. भाऊसाहेब केळीचे अडते. मंडळाचा निम्मा खर्च त्यांच्या खिशातून व्हायचा, म्हणून दर वर्षी नाटकात म्हाताऱ्याचं एक काम ते हक्कानं घेत. ते म्हणाले, "देखो मास्तर, पब्लिक गाण्यासाठी येते. बीच की झंझट कोणाला पायजे? यंदा शेवटचं नाटक करा. पुढच्या वर्षी इंदूरहून गाण्याची पार्टी बोलवून टाकू. गाण्यामागून गाणं, छुट्टी!" कोणी विरोध केला नाही. खरं सांगायचं तर मीसुद्धा मनात म्हटलं, काय वाईट आहे?

मास्तर त्या दिवशी आमच्या ओसरीवर बराच वेळ बसले. दिसायला किरकोळ माणूस, त्यात खांदे पाडून बसलेला. मग एकदम ताठ झाले आणि वडिलांना म्हणाले, "हे बघा, मी ठरवलंय. इतकी वर्षं लिहितोय, आणि मी बोलायला लागलो की गाव उठतं. या वर्षी जर निंबोल्याची रांग मधल्या भागात बसून राहिली, तर मी कुठे जात नाही. इथेच हिंदीतून भूगोल शिकवीन. आणि ती उठली, तर माझ्याजवळ यांना सांगण्यासारखं काही नाही असं समजेन आणि अमरावतीला जाईन. भावालाही हेच सांगितलंय." वडील म्हणाले, "अहो, दगडू पाटलाच्या चहावर माणूस आपली नोकरी ठरवतो का?" मास्तर म्हणाले, "मी ठरवतो."

त्या वर्षी त्यांनी पहिल्यांदाच डबा उघडायच्या आधी गोष्ट लिहिली. साधीच होती. एक म्हातारा विणकर आणि त्याची एकुलती एक मुलगी. आई नाही. लग्न होऊन सासरी जायची वेळ आली तरी म्हातारा तिला सोडायला तयार नाही. आज तब्येत बरी नाही, उद्या वार बरा नाही. जावई कंटाळतो, सासरची माणसं बोलायला लागतात. शेवटी म्हातारा खरंच आजारी पडतो आणि कितीतरी रात्रींनंतर एकदा त्याला झोप लागते. गाडी दारात येऊन उभी राहते. तो जागा झाला तर पुन्हा जाऊ देणार नाही, म्हणून त्या झोपेतच मुलीनं निघायचं. मास्तर वाचत होते आणि मी मनात म्हणत होते, वा, इथे ‘माहेरचं’ काय रंगेल! त्यांनी पान उलटलं आणि म्हणाले, "इथे मुलगी लांबूनच बापाला नमस्कार करते आणि जाते. पडदा."

"आणि पद?" मी विचारलं.

"पद नाही."

"नाही म्हणजे? डब्यात सगळ्यांत जास्त चिठ्ठ्या त्याच्याच असणार!"

"असू देत. कुसुम, तो म्हातारा झोपलाय. तू गायलीस तर जागा होईल."

मी रागानं लालबुंद झाले. लोक ज्यासाठी गाडी जुंपून येतात तेच तुम्ही देणार नाही, मग त्यांनी बसावं तरी कशाला, असं बरंच काही बोलले. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "डब्यातून निघतील ती इतर गाणी सगळी घेईन. ज्याला ज्या जागी कारण आहे तो तिथे गाईल. फक्त ह्या एका जागी कारण नाही. ज्या गाण्यासाठी आलेत ते मिळालं नाही आणि तरी ते बसले, तरच माझं काहीतरी झालं असं मी म्हणेन." भाऊसाहेबांनी तर तालमीत थयथयाट केला. बापाचं काम त्यांचंच होतं. खाटेवर पांघरूण घेऊन झोपायचं. ते उठून बसले आणि म्हणाले, "मी झोपतो खुशाल, पण माहेरचं झालं पायजे!" मास्तर जागचे हलले नाहीत. शेवटी भाऊसाहेब हो म्हणाले. मनात काय ठेवून हो म्हणाले, ते मला नाटकाच्या दिवशी समजलं.

मांडव गच्च भरला होता. पुढे निंबोल्याची रांग, तिच्या मधोमध पाटील. मास्तरांचे भाऊ नाटकासाठी अमरावतीहून पुन्हा आलेले, खुर्चीवर, काळ्या कोटात. मास्तर नेहमीसारखे स्टुलावर, आमच्याकडे पाठ करून. पहिल्या अंकात विणकरानं मागावर बसून अभंग म्हटला, आणि तो संपल्यावर बोलणं सुरू झालं तसे पाटील धोतर झटकायला लागले. तेवढ्यात मागावरचे भाऊसाहेब जावयाला म्हणाले, "आज नेऊ नका, आज कुत्रं रडत होतं." पाटील थांबले. पुढचं ऐकावं की चहा घ्यावा, अशा विचारात तसेच अर्धवट वाकून उभे राहिले, आणि मागचे ओरडल्यावर खाली बसले. दुसऱ्या अंकात दोन-चार माणसं उठली, पण ती मागची. मला विंगेतून मास्तरांची पाठ दिसत होती. ती तसूभरही हलत नव्हती.

शेवटचा प्रवेश आला. मी गाठोडं घेऊन खाटेपाशी उभी राहिले. आणि अचानक पेटीवर ‘माहेरचं’चे सूर वाजायला लागले. मी दचकून बघितलं. माझेच वडील वाजवत होते आणि नजर चुकवत होते. अध्यक्षांचा हुकूम होता. मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. मागून आरोळ्या आल्या, "माहेरचं! माहेरचं!" मी खाटेकडे बघितलं, तर भाऊसाहेबांनी एक डोळा उघडलेला, आणि पांघरुणाखालून हात काढून बोटांनी मला खुणावताहेत, म्हण, म्हण! मी मास्तरांकडे बघितलं. नुसती पाठ. एकदा जरी त्यांनी वळून बघितलं असतं तर मला ठरवायला सोपं गेलं असतं. पण तो माणूस वळला नाही.

माझ्या गळ्यात सूर तयार होता. नुसतं तोंड उघडायचं होतं. पण त्या खाटेपाशी उभं राहून, डोळा उघडा ठेवलेल्या भाऊसाहेबांसमोर, मला खरोखर असं वाटलं की मी गायले तर हा म्हातारा जागा होईल आणि त्या पोरीचा जन्म इथेच जाईल. मी वडिलांकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. पेटी गोंधळली आणि थांबली. मग मात्र मांडव खवळला. शिट्ट्या, आरोळ्या, पाय आपटणं. आणि पुढच्या रांगेत दगडू पाटील उठून उभे राहिले.

आता संपलं, असं मला वाटलं. मास्तरांचे खांदे खाली गेलेले मी माझ्या डोळ्यांनी बघितले. पाटलांनी आमच्याकडे पाठ फिरवली, दोन्ही हात वर केले आणि मागच्या लोकांवर गरजले, "चूप ऱ्हा रे! म्हातारा जागा हुईन!"

सगळा मांडव गप्प झाला. पाटील खाली बसले आणि निंबोल्याच्या रांगेनं माना पुढे केल्या. त्या शांततेत भाऊसाहेबांची बोटं अजून हलतच होती, म्हण, म्हण. मी मागे सरून लांबूनच वाकून नमस्कार केला आणि पाय न वाजवता निघून गेले. पडदा पडला. टाळी पडली नाही. लोक थोडा वेळ तसेच बसून राहिले, आणि मग कोणाचंतरी लहान मूल मोठ्यानं रडलं तेव्हा उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मास्तरांकडे गेले. भावाची ट्रंक दारात तयार होती. सकाळच्या गाडीनं ते निघणार होते आणि निघण्याआधी मास्तरांकडून होकार घेणार होते. "नाटक बरं होतं तुझं," ते सांगत होते, "पण नाटकावर संसार होत नाही. एक रात्र लोक बसले म्हणून..." एवढ्यात दारात पाटील उभे. रात्री गावीच गेले नव्हते, धर्मशाळेत उतरले होते. डोळे तांबारलेले.

"मास्तर, मले रातभर झोप नाई," ते म्हणाले. "एक सांगा. तो म्हातारा जागाच व्हता ना?"

मास्तर चकित झाले. "नाही हो. झोपलेला होता."

"कसा झोपेल व्हता? मी पाह्यलं ना! त्यानं एक डोया उघडला व्हता. अन् हातानं तिले सांगे, जाय बाई, जाय. पोरीले वाटलं बाप झोपला. तिनं जावं म्हनून तो झोपल्यावानी पडला व्हता."

मला ठसका लागला. भाऊसाहेबांच्या चोरट्या बोटांनी काय केलं होतं हे तिथे फक्त मलाच माहीत होतं. मास्तर तर पाठ करून बसलेले. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात अमरावतीचे भाऊ आपल्या वकिली आवाजात म्हणाले, "शक्य नाही. जो बाप दोन अंक मुलीला सोडत नाही, तो जागा असता तर तिला जाऊ देता का? झोपेत माणूस हात हलवतो, पाटील."

"तुमाले पोरगी हाय का, साहेब?"

"नाही, पण त्याचा इथे काय संबंध?"

"मंग तुमाले काय समजते! जागेपनी त्याले जाय म्हनता आलं नसतं. म्हनून झोपेचं सोंग. मी माह्या पोरीले असंच धाडलं, रावेरले. तोंड फिरवून बसलो व्हतो गोठ्यात."

"तुमचं वेगळं. इथे लेखकानं तसं कुठे सुचवलेलं नाही. मला आठवतंय, पहिल्या अंकात तो म्हणतो..." आणि भावांनी पहिल्या अंकातलं बोलणं जसंच्या तसं म्हणून दाखवलं! पाटलांनी त्याला दुसऱ्या अंकातलं वाक्य काढून उत्तर दिलं. आवाज चढले. रस्त्यावरचे दोघं-तिघं आत आले, त्यांनीही नाटक बघितलेलं, तेही वादात पडले. एकानंही गाण्याचं नाव काढलं नाही. मास्तर एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी ते पुसलंसुद्धा नाही. आत वळून बायकोला, आमच्या काकूंना, म्हणाले, "चहा जास्त टाक. आणि दादांची ट्रंक आत घे, त्यांची गाडी केव्हाच गेली."

वाद मिटला नाही. दादा दुपारच्या गाडीनं गेले, आणि जाताना टांग्यातून वाकून एवढंच म्हणाले, "तो झोपलेलाच होता, लक्षात ठेव." अमरावतीचा विषय त्यांनी काढला नाही, पुढेही कधी काढला नाही.

भाऊसाहेबांच्या डोळ्याची खरी हकिकत मी मास्तरांना नंतर सांगितली. ते इतके हसले की खाली बसले. पण पुन्हा प्रयोग झाला तेव्हा त्यांनी तो डोळा आणि ती बोटं लिहूनच टाकली. भाऊसाहेबांना म्हणाले, "तेव्हा केलंत तसंच करा, फक्त जरा हळू." भाऊसाहेब मग जन्मभर त्या बोटांचं श्रेय घेत राहिले, आणि इंदूरच्या पार्टीचं नाव मंडळात पुन्हा निघालं नाही. मास्तर इथेच राहिले. हिंदीतून भूगोल शिकवला, मराठीचे वर्ग कमी होताना बघितले, त्यासाठी अर्ज केले, अधिकाऱ्यांशी भांडले, उरलेल्या पाच-सात पोरांना घरी बोलावून शिकवलं. आणि दर गणपतीला मधलं लिहिलं. कधी लोक बसले, कधी उठले. उठले की ते म्हणायचे, "माझं चुकलं. कुठे चुकलं ते शोधतो."

ते गेले तेव्हा मी केस पिकलेली बाई होते. आमच्याकडे बायका मयताबरोबर घाटावर जात नाहीत. राजघाटावरून माणसं परतायची वाट बघत मी त्यांच्या ओट्यावर उभी होते. आत काकूंपाशी बायका बसल्या होत्या. निंबोल्याहून बरीच माणसं आली होती. दगडू पाटील तर त्याआधीच गेलेले. ही त्यांची मुलं, पुतणे, गल्लीतली माणसं. कडुनिंबाचा पाला चावत ती गल्लीत शिरली, आणि शिरताना हळू आवाजात त्यांचा कशावरून तरी वाद चालला होता. जवळ आल्यावर मला ऐकू आलं. "जागाच व्हता तो," पाटलांचा थोरला म्हणत होता. "आमचा बाप मरेपर्यंत हेच सांगे." दुसरा म्हणाला, "काहून जागा? झोपेलच व्हता. जागा असता त उठला नसता का?" मला हसू फुटलं. मास्तरांना हे आत्ताच्या आत्ता सांगायला पाहिजे म्हणून मी घाईनं घरात वळले.